बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही आपलं मानणारे रेव्हरंड टिळक: काय होता 'देवाचा दरबार'?

साल १८९३. नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या रेल्वेत तिशीतला एक मराठी माणूस बसला होता. संस्कृतचा अभ्यासक, हाडाचा कवी आणि नोकरीच्या शोधात. समोर एक युरोपियन प्रवासी होता. दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. आधी संस्कृत काव्यावर, मग धर्मावर. उतरायच्या आधी त्या प्रवाशानं बायबलच्या नव्या कराराची एक प्रत या तरुणाच्या हातात दिली, आणि दोन वर्षांत तू ख्रिस्ती होशील असं भाकीतही करून टाकलं.

तरुणाला ते पटलं नाही. पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता, म्हणून त्यानं वाचायला घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आला आणि तिथंच अडकला. मनात घोळत असलेल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं त्याला तिथं सापडायला लागली.

दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, त्यानं मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

हा तरुण म्हणजे नारायण वामन टिळक. शाळेत ज्यांची 'केवढे हे क्रौर्य' ही कविता अनेक पिढ्यांनी पाठ केली, ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात, आणि ज्यांच्या पत्नीनं, म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांनी, 'स्मृतिचित्रे' लिहिलं, तेच हे रेव्हरंड टिळक.

कवी टिळक अनेकांना ठाऊक आहेत. पण त्यांनी आयुष्याची जवळपास पंचवीस वर्षं एका वेगळ्याच प्रश्नाशी झुंजण्यात घालवली, ते फारसं सांगितलं जात नाही. तो प्रश्न असा होता: महाराष्ट्रातली ख्रिस्ती मंडळी आपल्याच गावात परकी का वाटते? आणि ती सगळ्यांना आपली वाटावी म्हणून काय करायचं?

कोकणातून नाशिक, नाशिकहून नागपूर

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घर चित्पावन ब्राह्मणांचं. आई जानकीबाई प्रेमळ आणि कवितेची आवड असलेली, तर वडील वामनराव तापट. आई लवकर गेली आणि पोराचं घरातलं लक्षच उडालं. तो नाशिकला आला. तिथं गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला.

१८८० मध्ये त्यांचं लग्न झालं. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका. वय अकरा-बारा वर्षं. लग्नानंतर तिचं नाव लक्ष्मी झालं.

पुढची काही वर्षं टिळकांचा पाय एका जागी टिकला नाही. कुठं शिक्षक, कुठं कीर्तन-प्रवचन, कुठं छापखाना, कुठं मासिक. पैसा आला तरी हातात राहायचा नाही. शेवटी नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचं काम मिळालं आणि थोडी स्थिरता आली. याच काळात टिळकांच्या डोक्यात एक वेगळाच विचार घोळत होता. जातिभेद नसलेला, सगळ्यांना सामावून घेणारा एखादा नवा धर्म काढावा, असं त्यांना वाटायचं. त्याची तत्त्वंही त्यांनी मांडून पाहिली होती. रेल्वेतल्या त्या पुस्तकानं ज्या माणसाला गाठलं, तो माणूस असा आधीच शोधात निघालेला होता.

नवा करार वाचल्यावर त्यांनी 'ज्ञानोदय' या पत्राशी नाव न सांगता पत्रव्यवहार सुरू केला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचं पत्र, १८४२ पासून निघत होतं. मिशनचे जस्टिन अॅबट यांच्याशी त्यांची ओळख झाली ती यातूनच. (हेच अॅबट पुढे मराठी संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत नेणारे म्हणून ओळखले गेले.)

बाप्तिस्मा एकाचा, किंमत दोघांची

आज धर्मांतर म्हटलं की वाद आठवतात. १८९५ साली एखाद्या ब्राह्मण घरात धर्मांतर होणं म्हणजे माणूस जिवंतपणी मेल्यासारखं होतं. जेवण बंद, पाणी बंद, नातं बंद.

टिळक मुंबईला गेले आणि ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या. पदरात चार वर्षांचा दत्तू होता. घरच्यांनी ही बातमी त्यांच्यापासून जपून ठेवायचा प्रयत्न केला, पण अशी बातमी किती दिवस लपणार? कळलं तेव्हा त्या कोसळल्या. पुढची काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधारानं नाशिक, पंढरपूर अशी काढली. कवितेची पहिली अक्षरं त्यांच्या हातून उमटली ती याच दुःखाच्या काळात.

टिळकांची पत्रं येत राहिली. आपण धर्म बदलला आहे, बायको सोडलेली नाही, हे ते पुन्हा पुन्हा कळवत राहिले.

अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नवऱ्याकडे गेल्या. ख्रिस्ती व्हायला नाही, फक्त संसाराला. वडिलांच्या कमालीच्या सोवळ्यात वाढलेली ही बाई सुरुवातीला नगरला स्वतःची वेगळी चूल मांडून राहिली. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आजूबाजूला सगळी ख्रिस्ती माणसं, त्यातली बहुतेक महार आणि मांग समाजातून आलेली.

इथं टिळकांनी जे केलं नाही, ते महत्त्वाचं आहे. त्यांनी लक्ष्मीबाईंवर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाही. एका घरात एक ख्रिस्ती आणि एक हिंदू असे दोघं राहिले. लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार करून आधी जात सोडली. माणसामाणसांत हा भेद देवानं केलेला असूच शकत नाही, हे त्यांचं त्यांना पटलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

सतरा वर्षांनी टिळकांनी 'देवाचा दरबार' काढला, तेव्हा त्याचा पाया याच घरात घातला गेला होता असं म्हणता येईल. आधी माणसं एकत्र राहोत, बाकीचं त्यांच्या आणि देवाच्या मध्ये, हे त्यांनी आधी घरात जगून पाहिलं होतं.

तेव्हाची ख्रिस्ती मंडळी कशी होती?

मराठी ख्रिस्ती लोक आपल्या स्थानिक चर्चच्या समुदायाला मंडळी म्हणतात. टिळकांचं काम समजून घ्यायचं तर तेव्हाची मंडळी कशी होती ते पाहायला हवं.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचं केंद्र सुरू झालं १८३१ मध्ये. शाळा, छापखाना, दवाखाना, मुलींचं शिक्षण अशी कामं उभी राहिली. नगर जिल्ह्यातल्या गावागावांत दलित समाजातली माणसं मोठ्या संख्येनं ख्रिस्ती झाली. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांच्या मुलांच्या हातात पाटी-पुस्तक आलं. हा बदल लहान नव्हता.

पण एक अडचण होती. मिशनच्या आवारात राहणारा, मिशनच्या शाळेत शिकणारा आणि मिशनच्याच पगारावर जगणारा माणूस हळूहळू गावापासून तुटत जायचा. उपासना व्हायची ती पाश्चात्त्य पद्धतीनं. बरीच गाणी इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, चालीही तिकडच्या. मराठी शब्द त्या चालींत कसेबसे बसवलेले. चर्चच्या दारावरून जाणाऱ्या माणसाला आत काय चाललंय ते कळायचंच नाही. त्याला वाटायचं, हा साहेबाचा देव.

दुसऱ्या बाजूनं, निर्णय कोण घेणार, पैसा कुठं खर्च होणार, हे मिशनरी ठरवायचे. भारतीय पाळक असले तरी शेवटचा शब्द परदेशी माणसाचा.

टिळकांना दोन्ही गोष्टी खटकायच्या. त्यांनी स्वतः ख्रिस्ती झाल्यावर नाव बदललं नाही. धर्म बदलला म्हणजे देश बदलत नाही, हे ते सतत सांगत. त्यांच्या देशभक्तीच्या कवितांमध्येही ते दिसतं.

मिशनमधले सगळे लोक त्यांच्या विरोधात होते असं मात्र नाही. नगरचे रॉबर्ट ह्यूम यांच्यासारखे मिशनरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. टिळक नगरच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना रीतसर पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागलं. राहुरीतही त्यांनी बराच काळ काम केलं.

टाळ, अभंग आणि ख्रिस्त

टिळकांनी बदलाची सुरुवात गाण्यापासून केली.

या वाटेवरचे ते पहिले नव्हते. त्यांच्याआधी तीनशे वर्षं, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' छापलं होतं. नगरच्या मिशनमध्येही कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी मराठी चालींवर ख्रिस्ती पदं रचली होती आणि कीर्तनाचा वापर केला होता. म्हणजे वाट होती. टिळकांनी ती रुंद केली.

त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, भजनं लिहिली. त्यांच्या गीतांतला ख्रिस्त सिंहासनावर बसलेला राजा कमी आणि लेकराला कुशीत घेणारी माउली जास्त आहे. तो गुरू आहे, सखा आहे. वारकरी जसा विठ्ठलाला आई म्हणतो, तसे टिळक ख्रिस्ताला आई म्हणतात. आपण ख्रिस्तापर्यंत तुकारामांच्या पुलावरून आलो, असं ते सांगत असत. संतांची परंपरा टाकून देऊन ख्रिस्ती व्हायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. ती परंपराच आपल्याला इथवर घेऊन आली, असं त्यांचं म्हणणं होतं.

याचा परिणाम कसा झाला असेल, ते डोळ्यांसमोर आणून पाहा. गावात कीर्तन आहे म्हटल्यावर लोक जमतात. कीर्तनाला जात विचारून कोणी बसत नाही, धर्म बदलायची अट नसते. माणूस येतो, ऐकतो, आवडलं तर थांबतो, नाही आवडलं तर उठून जातो. चर्चचं दार उघडायला जे जमत नव्हतं, ते कीर्तनाच्या बैठकीला जमत होतं. पुढे लक्ष्मीबाईंनीही ख्रिस्ती कीर्तनं केली.

टिळकांनी लिहिलेल्या गीतांची संख्या शेकड्यांत आहे. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

१९०९ मध्ये त्यांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. ख्रिस्ताचं संपूर्ण चरित्र मराठी महाकाव्यात. रामायणाची आठवण करून देणारं हे नाव त्यांनी मुद्दामच निवडलं असणार. काम मोठं होतं, ते त्यांच्या हयातीत पूर्ण झालं नाही. ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. ज्यांचं शालेय शिक्षण जवळपास नव्हतंच, त्या बाईंनी नवऱ्यानं लिहिले त्याच्या कितीतरी पट अधिक अध्याय लिहिले. ग्रंथ प्रसिद्ध झाला १९३८ साली, तेव्हा दोघंही हयात नव्हते.

बालकवी आणि टिळकांचं घर

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं. तिथं सतरा वर्षांच्या एका मुलानं कविता म्हटल्या आणि सगळे थक्क झाले. मुलाचं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. आज आपण त्यांना बालकवी म्हणून ओळखतो.

टिळकही त्या संमेलनात होते. त्यांना हा मुलगा इतका आवडला की पुढे तो नगरला टिळकांच्या घरीच राहायला गेला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. त्याचं रुसणं, हसणं, हट्ट हे सगळं 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे.

गंमत बघा. एका रेव्हरंडच्या घरात एक हिंदू मुलगा राहतोय, जेवतोय, कविता लिहितोय. तो ख्रिस्ती झाला नाही. टिळकांनी त्याला आपल्या धर्मात ओढलंही नाही. तरी तो त्या घरचा राहिला. मे १९१८ मध्ये बालकवींचा रेल्वेखाली सापडून मृत्यू झाला, तेव्हा टिळकांच्या घरातलंच माणूस गेलं होतं.

बालकवी एकटेच नव्हते. अनाथ मुलं, विद्यार्थी, नवे-जुने कवी, वाट चुकलेले पाहुणे अशा सगळ्यांचा त्या घरात राबता असायचा. टिळक घरी माणसं आणायचे आणि ती निभावायची लक्ष्मीबाईंनी. पगार तुटपुंजा, त्यातलाही बराचसा वाटेतच कोणाला तरी दिलेला. सगळ्यांना सामावून घेण्याच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण रोज संध्याकाळी त्यासाठी पिठाच्या डब्यात हात घालावा लागतो. टिळकांच्या घरात तो हात लक्ष्मीबाईंचा होता. त्यांना वगळून टिळकांच्या मोठेपणाची गोष्ट सांगता येत नाही.

१९१७: पगार सोडला, दरबार मांडला

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. नाव झालं होतं, मान होता. वय पंचावन्नच्या पुढे गेलं होतं. अशा वेळी माणूस निवृत्तीचा विचार करतो. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली.

आपण आजवर जे केलं ते पगारी माणसानं केलेलं काम होतं, आता देवाचं काम देवाच्या भरवशावर करायचं, अशी त्यांची धारणा झाली होती. भारतात लोक ज्या धर्मपुरुषाचं ऐकतात, तो पगार घेत नाही. तो सगळं सोडून आलेला असतो. मग ख्रिस्ताची गोष्ट सांगणाऱ्याच्या खिशात अमेरिकेतून आलेला पगार का असावा?

त्यांनी संन्यासी वृत्तीनं जगायचं ठरवलं. हा संसार टाकून रानात जाणारा संन्यास नव्हता. मानधन, पद आणि संस्थेचा आधार यांचा तो त्याग होता. मुक्काम हलवला साताऱ्याला. तिथं त्यांनी सुरू केला 'देवाचा दरबार'.

दरबार म्हणजे नवं चर्च नव्हतं, नवा पंथही नव्हता. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या माणसांचं ते एक कुटुंब असावं, अशी त्यांची कल्पना होती. त्यात दोन प्रकारची माणसं येऊ शकत होती. बाप्तिस्मा घेतलेली आणि न घेतलेली.

हाच त्यातला सगळ्यात धाडसी भाग होता.

बाप्तिस्म्याचा मुद्दा एवढा मोठा का होता?

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा हा मंडळीत प्रवेशाचा विधी आहे. पाण्यानं होणारा हा विधी म्हणजे माणसानं जाहीरपणे घेतलेली निष्ठा. भारतात मात्र त्याला आणखी एक अर्थ चिकटला होता. बाप्तिस्मा म्हणजे आपल्या समाजातून बाहेर पडणं. त्या एका विधीनंतर आईवडील परके, घर परकं, वारसाहक्काची भांडणं आणि पोलीस-कोर्टापर्यंत प्रकरणं.

टिळकांनी ही किंमत स्वतः मोजली होती. बायकोनं आणि लेकरानंही मोजली होती. म्हणून त्यांना दिसत होतं की गावोगावी अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना ख्रिस्त आवडतो, त्याची शिकवण पटते, पण ती घर तोडून बाहेर पडू शकत नाहीत. त्यांना आपण काय सांगणार? दारात उभे राहा, आधी घर सोडा, मग आत या?

टिळकांचं उत्तर होतं, आधी आत या.

त्यांनी बाप्तिस्मा नाकारला नव्हता. स्वतः घेतला होता, आयुष्यभर ते ख्रिस्ती मंडळीतच राहिले. फक्त प्रेमाच्या आणि सोबतीच्या आड तो विधी येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

साहजिकच यावर शंका घेणारे होते. काही मिशनरींना आणि काही भारतीय ख्रिस्ती लोकांनाही वाटलं की असं केलं तर बाप्तिस्म्याला अर्थच उरणार नाही. उद्या कोणीही ख्रिस्ताचं नाव घेईल आणि जबाबदारी मात्र घेणार नाही.

दुसरा एक प्रश्न आज विचारला जातो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मंडळीत बहुसंख्य होते दलित ख्रिस्ती. ज्या समाजरचनेनं त्यांना वेशीबाहेर ठेवलं, तिच्यातून बाहेर पडण्याचा जाहीर पुरावा त्यांच्यासाठी बाप्तिस्मा हाच होता. ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाला जी गोष्ट तोडणारी वाटत होती, तीच कित्येकांसाठी सोडवणारी होती. आश्रम, संन्यास, गुरू-शिष्य ही भाषासुद्धा सगळ्यांना सारखीच जवळची वाटेल असं नव्हतं.

टिळकांच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की हा फरक त्यांनी घरात पुसला होता. त्यांच्या पंगतीला कोण बसतं हे जातीनं ठरत नव्हतं, आणि लक्ष्मीबाईंची वेगळी चूल विझून बरीच वर्षं झाली होती. पण समाजाच्या दोन टोकांकडून आलेल्या माणसांना एकाच दारातून आत येताना वेगवेगळं ओझं उतरवावं लागतं, हा पेच दरबारातही सुटला नव्हता. तो सोडवायला वेळ लागणार होता, आणि वेळच मिळाला नाही.

दोन वर्षांत संपलेली गोष्ट?

साताऱ्यातला प्रयोग जेमतेम उभा राहत होता. टिळकांची तब्येत मात्र ढासळत गेली. उपचारासाठी त्यांना मुंबईला आणलं गेलं. ९ मे १९१९ रोजी तिथंच त्यांचं निधन झालं. वय ५७.

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यावर दहनसंस्कार झाला. तेव्हाच्या ख्रिस्ती समाजात दफनाचीच रीत होती, त्यामुळे ही गोष्ट साधी नव्हती. अस्थी नगरला नेऊन तिथं पुरण्यात आल्या. आयुष्यभर ज्या दोन परंपरा त्यांनी एकमेकींच्या जवळ आणायचा प्रयत्न केला, त्या दोन्ही शेवटच्या निरोपातही होत्या.

त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. संघटना त्यांच्या एकट्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभी होती. नियम, पैसा, पुढची फळी यातलं काहीच घट्ट बसलेलं नव्हतं. टिळकांना माणसं जोडता यायची, संस्था चालवता यायच्या नाहीत. हे त्यांच्या आधीच्या आयुष्यातही दिसलं होतं.

पण विचार वाऱ्यावर गेला नाही. जॅक विन्सलो नावाच्या इंग्रज पाळकावर टिळकांचा खोल प्रभाव पडला. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. भारतीय आणि युरोपियन सभासदांनी एका छताखाली, साधेपणानं, भारतीय पद्धतीनं राहायचं, हा त्या संघाचा आधार होता. पुढच्याच वर्षी विन्सलो यांनी टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. संघाचा पुण्यातला आश्रम पुढे प्रसिद्ध झाला. आदिवासींवरच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले गेलेले व्हेरियर एल्विन भारतात पहिल्यांदा आले, ते १९२७ मध्ये याच संघात.

लक्ष्मीबाईंनी नवऱ्याच्या माघारी लिहायला घेतलेलं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध होऊ लागलं. मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. टिळकांची मंडळी नेमकी कशी होती हे समजून घ्यायचं असेल, तर दरबाराच्या घटनेपेक्षा हे पुस्तक जास्त सांगतं. त्यात रोजचं घर आहे, त्यातली भांडणं आहेत, उपासमार आहे, आणि दारात आलेल्या कोणालाही परत न पाठवणारी दोन माणसं आहेत.

मग टिळकांनी नेमकं काय केलं?

चर्च वाढलं की नाही हे मोजायची सोपी रीत म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीतली नावं. टिळकांच्या नावावर त्या वहीत मोठा आकडा लागणार नाही. त्यांनी वेगळं काम केलं. मराठी माणसाला आत पाऊल टाकताना अवघडल्यासारखं होतं त्याची कारणं त्यांनी एकेक करून शोधली आणि दूर करायला घेतली. गाणं परकं होतं, ते मराठी केलं. बोलणारा पगारी होता, त्यानं पगार सोडला. पंगतीत भेद होता, तो आपल्या घरातून काढला. विधी आडवा येत होता, त्याच्या अलीकडेही बसायला जागा केली.

यातली शेवटची गोष्ट आजही वादाची आहे, आणि जगभरच्या मंडळ्यांमध्ये तिच्यावर चर्चा होतेच आहे. पहिल्या गोष्टीबद्दल मात्र आता वाद उरलेला नाही. महाराष्ट्रातल्या मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत आज टिळकांची गीतं मराठी चालींवर म्हटली जातात. म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांना 'देवाचा दरबार' हे नाव माहीतही नसेल. पण बाहेरून जाणाऱ्या माणसाच्या कानावर ते गाणं पडतं, तेव्हा त्याचे शब्द त्याला कळतात. एवढ्यासाठीच तर टिळकांनी ते लिहिलं होतं.